गिळायला त्रास असणाऱ्या आजी-आजोबांचं जेवण: मिक्सरमधून काढलं म्हणजे झालं का?

कृष्णाकाठ (सांगली)
वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरासाठी माहिती हवी आहे. काही जणांना गिळायला त्रास आहे. कुणाला अर्धांगवायू होऊन गेलाय, कुणाला पार्किन्सन्स, काहींना स्मृतिभ्रंश. मिरजेच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमनी प्रत्येकाच्या फायलीत लिहून दिलंय, 'अन्न लेव्हल ४, पेय लेव्हल २', तर कुणाला 'अन्न लेव्हल ५, पेय साधं'. स्वयंपाकाच्या मावशींचा प्रश्न सरळ आहे: लेव्हल ४ म्हणजे वाटीभर भाताला पाणी किती? सध्या सगळ्यांचं एकत्रच मिक्सरला लावून, पाणी घालून एका पातेल्यातून वाढलं जातं. वाटी-चमच्याच्या हिशेबात कुणी सांगेल का?

घास_घोट (मिरज, स्पीच थेरपिस्ट)
पाण्याचं माप पुढे कुणीतरी देईलच, पण त्याच्यावर विसंबू नका. जुना तांदूळ जास्त पाणी पितो, नवा कमी. गॅसवरून उतरवताना पळीवाढी असलेली पेज अर्ध्या तासात थिजून गोळा होते. त्यामुळे लेव्हल कृतीवरून ठरत नाही. वाढायच्या वेळी, वाढायच्या गरमपणाला चाचणी करायची आणि तेव्हा जे दिसेल ती लेव्हल.

फायलीतले आकडे आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे आहेत. ० ते ७ अशा पायऱ्या. पेयं ० ते ४, अन्न ३ ते ७. मधल्या ३ आणि ४ दोन्हीकडे येतात, कारण त्या दाटपणाला पेय आणि अन्न यांत फरक उरत नाही. ० म्हणजे पाणी. ४ म्हणजे गुठळी नसलेला, चावायची गरज नसलेला, चमच्यावर आकार धरणारा पदार्थ. ५ म्हणजे बारीक आणि ओलसर, तुकडा ४ मिमीपेक्षा रुंद नाही. ६ म्हणजे मऊ तुकडे, मोठ्या माणसासाठी दीड सेंटिमीटरच्या आत. ७ म्हणजे नेहमीचं जेवण.

पेयाची चाचणी १० मिलीच्या सिरिंजने होते. सुई काढायची, दट्ट्या काढायचा, खालच्या तोंडावर बोट धरून १० मिलीच्या रेषेपर्यंत पेय भरायचं. बोट सोडायचं, बरोबर १० सेकंदांनी परत लावायचं, आणि आत किती उरलं ते वाचायचं. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर लेव्हल ०, १ ते ४ मिली उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर ३. काहीच वाहिलं नाही तर ४, आणि मग सिरिंज ठेवून काटा-चमचा घ्यायचा.

लेव्हल ४ काट्यावर घेतला की ढीग होऊन बसतो. दात्यांमधून खाली छोटीशी शेपटी लोंबली तर चालते, थेंब-थेंब गळत राहिला तर पातळ आहे. नंतर चमचा तिरका करा. घास एकसंध, सहज घसरून पडला पाहिजे, चमच्यावर फारसा लेप राहता कामा नये. झटका जोरात द्यावा लागला तर तो चिकट आहे, आणि चमच्याला चिकटणारं घशालाही चिकटतं. बहुतेक स्वयंपाकघरं पातळपणाला भितात. माझ्या मते इकडे जास्त धोका चिकटपणाचा आहे, कारण आपलं निम्मं जेवण स्टार्चचं आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
सिरिंज औषधाच्या दुकानातली कुठलीही चालेल ना?

घास_घोट (मिरज, स्पीच थेरपिस्ट)
नाही. घरी आणल्यावर पट्टी लावून मोजा. शून्याच्या रेषेपासून १० च्या रेषेपर्यंत ६१.५ मिमी अंतर हवं. काही कंपन्यांच्या सिरिंज जाड-बुटक्या असतात, त्यात तेच पेय वेगळ्या वेगाने वाहतं आणि आकडे खोटे येतात. तोंड साधं, मळसूत्र नसलेलं घ्या. काट्याचंही तसंच: दोन दात्यांमधली फट ४ मिमी असलेला एक काटा शोधून स्वयंपाकघरात खुंटीला टांगून ठेवा. लेव्हल ५ चा तुकडा त्या फटीत मावतो की नाही, एवढंच बघायचं.

भटारखाना (कराड)
भाताचं मी सांगतो. तांदूळ एक वाटी, अर्धा तास भिजत, पाणी सहा वाट्या, कुकरला मंद आचेवर पाच शिट्ट्या. गरम असतानाच रवीने घोटायचा. नेहमीच्या गुरगुट्या भातापेक्षाही मऊ. मग मिक्सर नाही, पुरणयंत्र. बारीक भोकांची चकती लावायची, खाली पातेलं, भात वरून फिरवायचा. जे खाली पडेल त्यात तेवढंच गाळलेलं घट्ट वरण आणि चमचाभर तूप घालून घोटायचं. लेव्हल ४ होतं.

मिक्सर का नाही, तर पाती शिजलेल्या तांदळाचे फुगलेले कण फोडते, आतला स्टार्च सुटतो आणि खळ तयार होते. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ असेल तर विचारूच नका, पोस्टर चिकटवता येतील. बटाट्याचंही तेच. मग ते पातळ करायला लोक पाणी ओततात, वर पाणी आणि खाली चिकट लगदा असं दुपेडी प्रकरण होतं. मिक्सर वापरायचाच असेल तर भात कढत असताना, वरण आणि तूप आधी घालून, दोन-दोन सेकंदांचे झटके.

लेव्हल ५ साठी तोच भात चाळायचा नाही, नुसता घोटायचा. दोन गोष्टी बघायच्या: शितं सुटी होऊन विखुरत नाहीत ना, आणि ताटात ओघळ सुटत नाही ना. वर पातळ आमटी ओतायची नाही. आमटी दाट करून भातात कालवूनच द्यायची.

फोडणीबद्दल. मोहरी, जिरं, कढीपत्ता, मिरचीचं साल, यातलं काहीही लेव्हल ४ आणि ५ मध्ये जाता कामा नये. फोडणी वेगळ्या कढल्यात करा, गाळणीतून तेल तेवढं आमटीत सोडा. हिंग-हळद-मोहरीचा वास येतो, दाणे राहतात गाळणीत. कोथिंबीर भुरभुरायची सवय मावशींच्या हाताला असते, ती मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

घाटावरचा (वाई)
पिढ्यान्पिढ्या आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना दूध-भाकरी कुस्करून देतात. एवढी सिरिंज नि काटे कशाला? उगाच घाबरवून सोडताय.

नाईट_ड्युटी (सातारा, परिचारिका)
घाटावरचा दादा, ज्यांचं गिळणं शाबूत आहे त्यांना दूध-भाकरी खुशाल द्या. इथे प्रश्न त्यांचा नाही. कुस्करलेल्या भाकरीत दोन वस्तू एकाच घासात असतात. पातळ दूध आणि भाकरीचे तुकडे. तोंड भाकरी चावण्यात गुंतलेलं असतं तेवढ्यात दूध मागे घसरतं. घसा अजून बंद झालेला नसतो, श्वासनलिका उघडी असते, दूध आत जातं. ही मिसळण सगळ्यात अवघड घास. वरण ओतलेला सुटा भात, रश्शातली उसळ, चहात बुडवलेलं बिस्किट, दुधातल्या शेवया, साबुदाण्याची खीर, कलिंगडाची फोड (चावली की पाणी सुटतं), सगळं त्याच वर्गातलं. आइस्क्रीम आणि कुल्फीसुद्धा. दिसायला घट्ट, तोंडात गेल्यावर पाणी. ज्यांना पेय दाट करून द्यायचं लिहिलंय त्यांना आइस्क्रीम नको.

भाकरी द्यायचीच तर पापुद्रा आणि करपलेले डाग काढून, मधला भाग गरम दुधात झाकून ठेवायचा, दूध पूर्ण पिऊन घेईपर्यंत. मग घोटून चाळायची. ताटात सुटं दूध दिसलं तर झालेली नाही. पण पोळी मात्र या मार्गाने जात नाही. भिजवून वाटली की गव्हाचा चिवटपणा वर येतो आणि कणकेसारखा गोळा होतो. लेव्हल ४ वाल्यांना पोळीऐवजी दुसरं काहीतरी द्या, हट्ट करू नका.

आणि ठसका लागत नाही म्हणजे सगळं नीट चाललंय, असं समजू नका. कित्येकांच्या घशाची जाणीवच कमी झालेली असते. घास श्वासनलिकेत जातो आणि खोकला येतच नाही. जेवताना किंवा नंतर आवाज ओला, गुरगुरता होणं, डोळ्यांतून पाणी, नाक वाहणं, जेवायला नेहमीपेक्षा फार वेळ, महिन्याला घटत जाणारं वजन, वारंवार बारीक ताप, ही लक्षणं वहीत लिहून डॉक्टरांना दाखवायची. खात्री फक्त तपासणीत होते, एक्स-रेच्या चलचित्रात किंवा नाकातून दुर्बीण घालून.

कृष्णाकाठ (सांगली)
चहाचं काय करायचं? लेव्हल २ लिहिलंय आणि चहा बंद केला तर भांडण होतं. एकाने सुचवलं, थोडं कॉर्नफ्लॉवर किंवा इसबगोल घाला म्हणून.

घास_घोट (मिरज, स्पीच थेरपिस्ट)
इसबगोल अजिबात नाही. पाणी लागलं की ते फुगतं. घशात किंवा अन्ननलिकेत अडकलं तर तिथेच फुगून बूच बसतं. बद्धकोष्ठासाठीही गिळायला त्रास असलेल्यांना देऊ नका. वृद्धाश्रमात ते रात्री सगळ्यांना सर्रास दिलं जातं, म्हणून मुद्दाम ठळक लिहिलं. सब्जाही नको.

कॉर्नफ्लॉवर शिजवावं लागतं, चहा गार होईल तसा त्याचा दाटपणा वाढत जातो आणि लाळ लागली की उलटा पातळ होतो. लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडतं. यातून एक साधी खबरदारी निघते: तोंडातला चमचा परत वाटीत बुडवत एक वाटी पेज अर्धा तास भरवली, तर शेवटचे घास पहिल्यापेक्षा पातळ असतात. थोडी-थोडी वेगळ्या वाटीत काढून भरवा.

चहासाठी झँथन गमवर आधारलेली दाटपणाची पावडर घ्या. लाळेने ती पातळ होत नाही, चहाला पिठाची चव येत नाही. प्रमाण कंपनीगणिक वेगळं, साधारण १०० मिलीला १ ते ४ ग्रॅमच्या दरम्यान. डब्यातलाच चमचा, सपाट करून. पेय ढवळत-ढवळत वरून भुरभुरवा, अर्धा मिनिट जोरात ढवळा, मग बाजूला ठेवा. पाणी मिनिटा-दोन मिनिटांत दाट होतं. दुधाला आणि दुधाच्या चहाला वेळ लागतो, पाच ते दहा मिनिटं द्या. घोटाळा इथेच होतो. लगेच दाट दिसत नाही म्हणून आणखी चमचा टाकला जातो, आणि दहा मिनिटांनी कपात खरवस. वरून नंतर टाकलेल्या पावडरीच्या गुठळ्या होतात, त्या मोडत नाहीत. चुकलं तर टाकून नवीन करा. आणि दुधावरची साय आधी काढा, तो कातडीसारखा पापुद्रा घशात चिकटतो.

डबा कुलपात. कोरडी पावडर तोंडात टाकल्यामुळे गुदमरून मृत्यू झाल्यावर इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१५ मध्ये सगळ्या रुग्णालयांना इशारा दिला होता. स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती उशाशी ठेवलेला डबा साखर समजून उघडते.

फार्मसी_कट्टा (सांगली)
वरच्यात एक भर. पोट साफ व्हायला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात घालून देतात. ती स्टार्चच्या दाटपणाच्या पावडरीत मिसळली की सगळं परत पाण्यासारखं पातळ होतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये याबद्दल सूचना काढली. दाट दिसत होतं म्हणून दिलं आणि घोट सरळ खाली गेला, असं होऊ शकतं. डब्यावर घटक वाचा: 'मॉडिफाइड स्टार्च' असेल तर ही जोडी नको. डॉक्टरांना विचारून रेचक बदलून घ्या.

नाचणीसत्व (सातारा, आहारतज्ज्ञ)
अमायलेजचा विषय निघालाच आहे तर नाचणीबद्दल. मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीत हेच अमायलेज भरपूर असतं. साध्या नाचणीच्या पिठाचं आंबील आणि मोडाच्या सत्वाचं आंबील एकाच मापाने केलं तर मोडाचं पातळ राहतं. फायदाही आहे: दाटपणा तोच ठेवून जास्त पीठ घालता येतं, म्हणजे त्याच वाटीत जास्त अन्न जातं. पण शिजलेल्या गरम पेजेत वरून कच्चं मोडाचं सत्व चमचाभर टाकलं तर सगळी पेज पातळ होते. मावशींनी 'पौष्टिक म्हणून' टाकलं आणि लेव्हल ४ ची लेव्हल २ झाली, असं नको. सुरुवातीला २०० मिली पाणी-दुधाला १० ग्रॅम साधं नाचणीचं पीठ, तराजूवर तोलून, वस्त्रगाळ करून, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं शिजवून बघा आणि सिरिंज लावा. तिथून कमी-जास्त.

आता मुख्य दुखणं. पाणी घालून वाटलेल्या जेवणात वाटीभर पोटात जातं आणि त्यात निम्मं पाणी असतं. म्हणून ही माणसं वाळत जातात. पातळ करायला पाणी वापरूच नका. दूध, घट्ट वरणाचं पाणी, ताक नव्हे तर घोटलेलं दही, तूप. ५ ग्रॅम तुपात सुमारे ४५ कॅलरी, एक चमचा तूप प्रत्येक वाटीत घाला. दुधात दुधाची पावडर. शेंगदाणे भिजवून पाण्याबरोबर गंधासारखे वाटून फडक्यातून गाळलेलं दूध आमटीत घाला. शेंगदाण्याचा कूट मात्र नाही. आपल्याकडे भाजी, कोशिंबीर, आमटी, सगळ्यावर कूट पडतो. दाण्याचे कण कोरडे, टणक आणि तेलकट, श्वासनलिकेत गेले तर दूरवर जाऊन बसतात. शेंगाचटणीची बरणी जेवणाच्या टेबलावरून उचला.

दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी. वजन दर आठवड्याला, त्याच काट्यावर. पाणीही मोजा: दाट पेय लोक कमी पितात, हे सगळीकडे दिसतं, आणि लघवी गडद झाली की उशीर झालेला असतो.

भटारखाना (कराड)
भाज्यांचं राहिलं. लेव्हल ५ साठी दुधी, लाल भोपळा, साल पूर्ण काढलेला दोडका, गाजर, पडवळ. आधी शिजवा, मग बारीक करा. कच्चं बारीक चिरून शिजवलं की कोपरे टणक राहतात. काट्याने दाबून बघा, फार जोर न लावता चिरडलं पाहिजे. लेव्हल ६ ची खूण वेगळी: काट्याने दाबताना तुमच्या अंगठ्याचं नख पांढरं होईल एवढाच दाब, तुकडा चपटा झाला पाहिजे आणि परत फुगून वर येता कामा नये. फुगला तर तो रबरासारखा आहे. पनीर हमखास इथे नापास होतं.

बाद भाज्या: मेथी आणि चुक्याची पानं अख्खी, शेवग्याची शेंग, गवार, भेंडीच्या बिया, मटार आणि मक्याचे दाणे, कुठलीही सालासकट उसळ. मटकी-मूग आवडतात तर शिजवून, पुरणयंत्रातून काढून, साल वर राहू द्या.

पिठलं: बेसन एक वाटी, पाणी चार वाट्या, गुठळी मोडून गाळून घेतलेलं, मंद आचेवर पंधरा मिनिटं. कच्चं राहिलं तर चिकटपणा राहतो. अर्धी वाटी कढत पाणी बाजूला ठेवा, वाढताना घट्ट झालेलं असतं तेव्हा लागतं. गार पिठल्याच्या वड्या पडतात, त्या लेव्हल ४ नव्हेत.

तांबडा रस्सा मागणाऱ्यांना तिखट कमी करून, गाळून, लेव्हलप्रमाणे दाट करून द्या. तिखटाने लागलेला ठसका आणि घास चुकल्याचा ठसका भरवणाऱ्याला वेगळा ओळखता येत नाही, म्हणून तिखट खाली आणायचं.

रविवारभेट (सांगली)
आई अशाच एका ठिकाणी आहे. एकादशीला साबुदाणा हवा म्हणून ती रुसते. काही पर्याय?

भटारखाना (कराड)
ताई, साबुदाणा कुठल्याच रूपात बसत नाही. खिचडीत मणी चिकट आणि वर कूट, खिरीत पातळ दुधात सुटे मणी, वाटला तर तार सुटणारा डिंक. वरीचा तांदूळ घ्या: एक वाटीला पाणी सहा वाट्या, घोटून, चाळून, त्यात वर सांगितलेलं गाळलेलं दाण्याचं दूध, जिऱ्याची पूड वस्त्रगाळ, सैंधव. गरमच द्या, वरीही गार झाली की थापी होते. राजगिऱ्याच्या पिठाची दुधातली लापशी चालते, लाडू नाही. रताळं उकडून, दोरे काढून, पुरणयंत्रातून काढून दुधात घोटा. उपवासही झाला आणि पोटातही गेलं. आईंची लेव्हल फायलीत बघून मगच.

सणाचं म्हणाल तर पुरण हा लेव्हल ४ चा राजा. डाळ पूर्ण शिजलेली, यंत्रातून दोनदा काढलेली, गूळ घातल्यावर फार आटवायचं नाही, दुधाने सैल करायचं. पोळी बाजूच्या ताटात दाखवायला. उकडीच्या मोदकाची पारी चिकट, ती नको. आतलं सारणही नको, खोबऱ्याचे दोरे असतात.

नाईट_ड्युटी (सातारा, परिचारिका)
रविवारभेटने सण काढलाच तर. गणपतीत खिरापत आणि तीर्थ. खिरापत म्हणजे सुकं खोबरं नि साखर, कोरडी भुकटी. तीर्थ म्हणजे लेव्हल ०, त्यात तुळशीचं पान. पळीभर तीर्थाने काय होतंय, असं म्हणून सगळे देतात. हातावर एक थेंब, कपाळाला लावायला, एवढंच.

भेटीला येणारे काय आणतात याची नोंद दारातच व्हावी. भडंग, चिवडा, बेदाणे, तासगावची द्राक्षं, कंदी पेढे. अख्खं द्राक्ष गुळगुळीत, गोल आणि नेमक्या मापाचं बूच. पेढा कोरडा आणि टाळूला चिकटणारा. नातेवाइकांवर ओरडून उपयोग नाही, काय आणा ते लिहून लावा: पिकलेली पपई, दही, चाळलेल्या स्ट्रॉबेरीचा दाट गर (बिया गाळणीत राहिल्या पाहिजेत), श्रीखंड. केळं नुसतं कुस्करलेलं चिकट होतं, दह्यात घोटून.

भरवण्याबद्दल थोडक्यात. स्वयंपाक बरोबर आणि भरवणं चूक, असं झालं तर सगळं पाण्यात. कमरेत काटकोनात ताठ बसवा, खुर्चीत, पाय टेकलेले. पलंगावर असतील तर डोकं उंच करून पाठीमागे उशा. हनुवटी छातीकडे झुकवायची ती थेरपिस्टने सांगितली असेल तरच. उभं राहून भरवू नका, माणूस वर बघतो आणि मान मागे जाते, घशाचा रस्ता उघडा पडतो. तोटीच्या कपाने आणि उंच भांड्याने पाजलं तरी तेच. चहाचा चमचा, पाऊण भरलेला. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, तोंड रिकामं दिसलं, मगच पुढचा. अर्धांगवायूवाल्यांच्या लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं, ते बोटाला फडकं गुंडाळून काढा. झोपाळलेल्या माणसाला भरवायचं नाही, ताट परत न्यायचं. टीव्ही बंद. जेवण झाल्यावर अर्धा तास ताठच.

दात आणि तोंड दिवसातून किमान दोनदा घासा, कवळी रात्री काढून धुवा. घास थोडाफार चुकून आत जातोच. त्याच्याबरोबर घाण तोंडातले जंतू गेले की न्यूमोनिया होतो. माझ्या मते दाटपणाच्या पावडरीवर खर्च करण्याआधी ब्रश आणा.

घाटावरचा (वाई)
बरं, पटलं. पण एक सांगा, पाणीसुद्धा दाट करून प्यायचं म्हणजे जिवंतपणी शिक्षा. कायमचंच?

घास_घोट (मिरज, स्पीच थेरपिस्ट)
रास्त प्रश्न आहे. पेय दाट केल्याने श्वासनलिकेत जाणं कमी होतं, हे तपासणीत दिसतं. पण त्याने न्यूमोनिया हटकून टळतो, असं अभ्यासातून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि फार दाट पेय घशात मागे साचून राहू शकतं. म्हणून 'जितकं दाट तितकं सुरक्षित' हा समज चुकीचा आहे. लेव्हल २ पुरत असेल तर ३ करू नका. काही जणांना जेवणाव्यतिरिक्तच्या वेळी, तोंड स्वच्छ धुऊन, साधं पाणी घोट-घोट द्यायला आम्ही परवानगी देतो. पण ते व्यक्तीगणिक, तपासून. अर्धांगवायूनंतर पहिल्या काही आठवड्यांत गिळणं बरंच सुधारतं, तेव्हा जुनीच लेव्हल वर्षभर चालू ठेवणं हाही अन्यायच. तब्येत बदलली की फेरतपासणी.

कृष्णाकाठ (सांगली)
घास अडकलाच तर? स्टाफ गोंधळतो.

नाईट_ड्युटी (सातारा, परिचारिका)
खोकता येतंय, आवाज निघतोय तोवर खोकू द्या, पुढे वाकवून. पाठ थोपटत पाणी पाजू नका. खोकला बंद, आवाज बंद, ओठ काळेनिळे: पुढे वाकवा, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागून मिठी घालून, बेंबीच्या वर आणि बरगड्यांच्या खाली मूठ, आत-वर ५ झटके. परत थापा, परत झटके. दुसऱ्याने तोवर १०८ लावायचा. बेशुद्ध पडले तर जमिनीवर आडवं करून छाती दाबायला सुरुवात. न दिसणारा घास काढायला बोट घालू नका, आणखी आत जातो. घास निघून बरं वाटलं, तरी पोटावर झटके दिलेल्या माणसाला डॉक्टरांना दाखवा.

फार्मसी_कट्टा (सांगली)
गोळ्या. पाण्याबरोबर देता येत नाहीत म्हणून सगळ्या खलबत्त्यात कुटून आमटीत टाकल्या जातात. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या (नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असतं) आणि आतड्यात विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्या कुटल्या तर डोस एकदम सुटतो किंवा पोटातच वाया जातो. यादी घेऊन औषधवाल्याकडे या, सिरप किंवा विरघळणारी गोळी मिळते का बघू. कुटायची परवानगी असलेली गोळी चमचाभर लेव्हल ४ च्या पपईत, पहिल्या घासाला. वाटीभर जेवणात मिसळायची नाही, जेवण उरलं तर डोस किती गेला कळत नाही. पार्किन्सन्सची लेवोडोपा वेळेवर, जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. त्या गोळीचा अंमल असताना गिळणंही बरं चालतं, आणि प्रथिनांबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही.

कृष्णाकाठ (सांगली)
सगळ्यांचे आभार. उद्यापासून एक पातेलं बंद, तीन वेगळी. एकच अडचण उरली: स्वयंपाकघरात चाचणी बरोबर येते, पण वरच्या मजल्यावर ट्रॉली पोचून शेवटच्या माणसापर्यंत जायला पाऊण तास लागतो.

भटारखाना (कराड)
मग चाचणी वर करा. ट्रॉलीवर कढत पाण्याची खोल परात, त्यात झाकणाची स्टीलची भांडी. पाणी वाफाळतं राहिलं पाहिजे, नुसतं कोमट नको. काटा, चमचा आणि थर्मासमध्ये कढत दूध ट्रॉलीवरच. दर चार-पाच ताटांनंतर चमचा तिरका करून बघा, घसरत नसेल तर दूध घालून घोटा. पाणी सुटून कडेला जमलं असेल तर परत घोटून काट्यावर बघा, तरी गळत असेल तर ते भांडं खाली पाठवा. शिजल्यापासून दोन तासांच्या वर गेलेलं वाटलेलं अन्न ठेवायचं नाही. पुरणयंत्राची चकती आणि मिक्सरचं रबर रोज सुटं करून कढत पाण्यात. ताटावर नाव आणि लेव्हलचा रंगीत पट्टा लावा: ४ हिरवा, ५ नारिंगी, ६ निळा. अक्षरं वाचता न येणाऱ्या मावशींनाही रंग कळतो.